काम कोणत्या दिवशी संपलं? स्वतंत्र डेव्हलपर मंडळींना खुलं पत्र

प्रति,
पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, संभाजीनगरात आणि हल्ली गावी परतून घरूनच काम करणारे सगळे फ्रीलान्स सॉफ्टवेअर डेव्हलपर

मित्रमैत्रिणींनो,

थकलेल्या पैशांचा विषय निघाला की आपलं बोलणं क्लायंटच्या स्वभावावर जातं. अमका चिकट आहे, तमका बुडवा आहे, त्याच्या अकाउंट्सवाल्या मॅडम फोनच उचलत नाहीत. चहा संपेपर्यंत शिव्या देऊन होतात, बिल मात्र जागचं हलत नाही. मी बरीच वर्षं एकट्यानं काम केलं. आता पुण्यात दोन-तीन जणांचं छोटं दुकान चालवतो, म्हणजे बिलं पाठवतोही आणि इतर फ्रीलान्सरांची बिलं चुकती करतोही. दोन्हीकडून बघून माझं मत असं झालंय की अट्टल बुडवे थोडे असतात. बाकीच्यांना उशीर करायला फट सापडते, आणि ती आपणच ठेवलेली असते. काम नेमकं कोणत्या दिवशी संपलं, हे आपण कुठंच लिहून ठेवत नाही.

सॉफ्टवेअरला शेवट नसतो, ही आपल्या धंद्यातली खरी गोम. स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर टाकलं, क्लायंट फोनवर ‘मस्त झालंय’ म्हणाला. मग ‘रिपोर्टमध्ये एवढा एक कॉलम वाढवा ना’. मग एक्सेलमध्ये डाउनलोड हवं. मग साहेबांच्या मेहुण्यानं स्वतःच्या जुन्या फोनवर उघडून बघितलं आणि त्याला बटण दिसलं नाही. हे सगळं आपण करत राहतो, कारण प्रत्येक गोष्ट अर्ध्या तासाची असते. शेवटी बिल पाठवलं की उत्तर येतं, ‘अहो, अजून काम चालूच आहे ना?’ आणि खरंच, चालूच असतं!

माझ्या ओळखीच्या एकीनं एका कोचिंग क्लाससाठी फी आणि हजेरीचं सॉफ्टवेअर केलं. जूनमध्ये मुलांच्या फीच्या पावत्या त्यातून निघायला लागल्या. बदल दिवाळीपर्यंत चालले, सगळे फोनवर आणि व्हॉइस नोटवर. दिवाळीनंतर तिनं उरलेले पैसे मागितले तेव्हा क्लासचे मालक म्हणाले, प्रोजेक्ट पूर्ण झालेला नाही. जूनपासून रोज वापरात असलेली गोष्ट पूर्ण झालेली नाही! तिच्याकडे इनव्हॉइस होतं, बँकेत आलेला ॲडव्हान्स होता. ‘काम तुमच्या ताब्यात दिलं’ असं सांगणारी एक ओळसुद्धा नव्हती. शेवटी अर्ध्यावर तडजोड झाली.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, ज्याला आपण एमएसएमईडी म्हणतो, तो कारखानदारांसाठी आहे असा बहुतेकांचा समज असतो. पण तो सेवा देणाऱ्यांनाही लागू होतो, आणि घरच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसलेला एकटा डेव्हलपर ‘सूक्ष्म’ उद्योगात आरामात बसतो. त्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. हे दिवस मोजायचे कधीपासून? तर ग्राहकानं काम स्वीकारलं त्या दिवसापासून, इनव्हॉइसच्या तारखेपासून नाही. आणि त्यानं स्वीकारल्याचं सांगितलंच नाही तर? काम दिल्यापासून १५ दिवसांत त्यानं लेखी हरकत घेतली नाही, तर काम दिलं तोच दिवस स्वीकृतीचा मानला जातो. लेखी हरकत घेतली, तर आपण ती दूर केली तो दिवस.

हे वाक्य आपल्यासाठीच लिहिलंय असं मला वाटतं. फोनवरची कुरकुर हरकत होत नाही. दोन महिन्यांनी पैसे मागितल्यावर अचानक सापडलेला बगही वेळेत घेतलेली हरकत होत नाही. पण या सगळ्याचा उपयोग कधी? काम दिल्याचा दिवस दाखवता आला तर.

म्हणून प्रत्येक टप्प्याला एक साधा ईमेल. त्यात कोर्टाची भाषा नको. ‘आज १२ तारखेला कोटेशनमधले मुद्दे १ ते ६ स्टेजिंग सर्व्हरवर दिले आहेत. लिंक आणि लॉगिन सोबत आहे. काही त्रुटी असल्यास १५ दिवसांत या ईमेलला उत्तर देऊन कळवा. या टप्प्याचं बिल जोडलं आहे.’ बस्स. त्रुटी कळवल्या, तर दुरुस्त करून त्याच ईमेलच्या उत्तरात तारीख टाकून पुन्हा लिहा. फोन आला तर फोनवर ऐका, ठेवल्यावर दोन ओळी लिहून पाठवा: ‘आत्ता बोलल्याप्रमाणे कॉलम वाढवणं हे मूळ कोटेशनमध्ये नाही, त्याचे वेगळे इतके होतील.’ त्रुटी आणि नवी मागणी यांच्यातली रेघ आपणच आखायची. क्लायंट कशाला आखेल? त्याच्या दृष्टीनं सगळंच ‘छोटंसं’ असतं.

अर्थात या ईमेलला वजन येतं ते उद्यम नोंदणीमुळे, म्हणजे आपण सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उद्योग असल्याच्या सरकारी नोंदणीमुळे. ही व्यवस्था १ जुलै २०२० पासून आहे. आधार आणि पॅन लागतं, कागद अपलोड करावे लागत नाहीत आणि सरकारी पोर्टलवर शुल्क शून्य आहे. (एखादा एजंट ‘उद्यम काढून देतो’ म्हणून दोन हजार मागत असेल तर त्याला नमस्कार करा.) आपण ‘सेवा’ निवडायचं आणि व्यवसायाच्या संकेतांकात ६२ हा संगणक प्रोग्रामिंगचा विभाग. नोंदणी कधी करायची याला मात्र महत्त्व आहे. कामाचा करार झाला तेव्हा नोंदणी नसेल तर त्या कामापुरता या कायद्याचा लाभ मागता येत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सिल्पी इंडस्ट्रीजच्या आणि २०२२ मध्ये महाकाली फूड्सच्या निकालात घेतली. जानेवारी २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठानं हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. तिकडं काय व्हायचं ते होवो. पैसे अडकल्यावर नोंदणीला धावण्यात अर्थ नाही, तो नंबर पहिल्या कोटेशनवरच छापलेला हवा.

मुदत उलटली की व्याज लागतं, आणि ते चांगलंच लागतं: रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ. बँक रेट ६.७५ टक्के होता तेव्हा, म्हणजे फेब्रुवारी २०२३ पासून दोन वर्षं, हा दर २०.२५ टक्के पडत होता. दोन लाखांचं बिल त्या दरानं सहा महिने थकलं तर व्याज एकवीस हजारांच्या वर जातं. ते वसूल होईलच असं नाही. पण आठवणीच्या ईमेलखाली आकडा मांडला की तो ईमेल मालकापर्यंत पोचतो. एरवी तो अकाउंट्समध्येच मुरतो.

याहून जास्त चालतं ते आयकराचं हत्यार, आणि ते आपल्याला फुकट मिळालंय. २०२३ च्या वित्त कायद्यानं आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम घातलं, ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल ठरलेल्या मुदतीपलीकडे थकवलं आणि ३१ मार्चलाही दिलं नाही, तर तो खर्च त्या वर्षाच्या नफ्यातून वजा होत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी होतो. म्हणजे आपले दोन लाख अडकवून ठेवणारा नफ्यातला व्यापारी त्या दोन लाखांवर त्या वर्षी कर भरतो. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याचा सीए त्याच्याकडे ‘एमएसएमई वेंडर’ची यादी मागतो. त्या यादीत आपलं नाव असायला हवं. जानेवारीत सगळ्या क्लायंटना एक पानाचं पत्र पाठवा: आमचा उद्यम क्रमांक हा, आम्ही सूक्ष्म उद्योग आहोत, आजअखेर येणं इतकं. जमलं तर सीएलाच प्रत द्या. मार्च एन्डिंगचं कारण सांगून आजवर त्यांनी आपले पैसे लांबवले, आता तोच मार्च आपल्या बाजूनं आहे. क्लायंट प्रायव्हेट लिमिटेड असेल तर अशी थकबाकी त्याला दर सहामाहीला कंपनी निबंधकांकडे एका फॉर्ममध्येही दाखवावी लागते.

हे हत्यार कुठं चालत नाही तेही सांगतो. तोट्यातल्या स्टार्टअपला कर वाचवायचाच नसतो, त्यामुळे त्याला घाम फुटत नाही. फंडिंग येणार, मग देणार, हे त्यांचं ठरलेलं. अशा ठिकाणी माझा नियम एकच, काम पुढे आणि पैसे मागे असं कधीच नाही. महिन्याचं काम महिन्याच्या सुरुवातीच्या पैशावर. लग्नातला मांडववाला, केटरर, बँडवाला यातला कुणी ॲडव्हान्स घेतल्याशिवाय मंगल कार्यालयाच्या दारात उभा राहत नाही आणि त्याबद्दल त्यांना कुणी हावरट म्हणत नाही. आपण मात्र ॲडव्हान्सचा आकडा ईमेलमध्ये लिहिताना तीनदा खोडतो. मी चाळीस टक्के घेतो, वीस टक्के पहिला टप्पा दिल्यावर, तीस गो-लाइव्हच्या, म्हणजे सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरात येण्याच्या आधी. शेवटचे दहा थकले तर झोप उडत नाही.

जीएसटी भरणाऱ्यांना थकबाकीचा दुहेरी फटका बसतो. दोन लाखांच्या बिलावर छत्तीस हजारांचा कर. तो पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचा, क्लायंटनं दमडी दिली नसली तरी. बिलाची तारीख आणि पैसे आल्याची तारीख यांत जी आधी येईल ती धरली जाते. म्हणून अनेक जण आधी प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चं बिल पाठवतात आणि पैसे आल्यावर पक्कं बिल काढतात. टप्प्याटप्प्यानं काम असेल आणि कोटेशनमध्ये पैसे टप्प्याशी जोडलेले असतील तर बिलही टप्प्यापुरतंच निघतं, हा त्यातला सरळ मार्ग. पण सेवा पुरी झाल्यावर तीस दिवसांत बिल निघालंच पाहिजे, तेव्हा प्रोफॉर्मावर वर्ष काढू नका. दुसऱ्या बाजूला, आपल्या बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून वजावट घेणाऱ्या क्लायंटनं १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्याला ते क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. पाचव्या महिन्यातल्या आठवणीत हे वाक्य जरूर घाला. ज्यांची उलाढाल वीस लाखांच्या आत आहे आणि नोंदणी नाही, त्यांनी हा परिच्छेद विसरला तरी चालेल.

एक छोटी गोष्ट फार कमी जण करतात. आपलं २६एएस, म्हणजे आपल्या नावानं जमा झालेल्या कराचं आयकर खात्याचं विवरण, उघडून बघा. क्लायंटनं आपल्या बिलावर टीडीएस, म्हणजे आपल्या पैशांतून कापलेला आयकर, भरलेला दिसतो का? टीडीएस पैसे देताना किंवा हिशेबात बिल जमा धरताना, जे आधी होईल तेव्हा कापायचा असतो. म्हणजे पैसे न देता टीडीएस भरलाय, याचा अर्थ त्यानं आपलं बिल वहीत मान्य केलंय. ‘काम पूर्ण झालंच नाही’ म्हणणाऱ्याला हा स्क्रीनशॉट पाठवला की सूर बदलतो. निदान पुराव्याच्या फायलीत तरी तो असू द्या.

एवढं करूनही पैसे आले नाहीत, तर समाधान पोर्टल, म्हणजे अशा थकबाकीच्या तक्रारींचं सरकारी संकेतस्थळ. ते ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झालं. बिल, काम दिल्याचा ईमेल, ऑर्डर आणि उद्यम प्रमाणपत्र जोडून अर्ज करता येतो. तो राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे जातो. आधी समेटाचा प्रयत्न, तो फसला तर लवाद. निकाल ९० दिवसांत लागावा असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, तयारी ठेवा. पण निकालाला आव्हान द्यायचं तर क्लायंटला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, ही आपल्या बाजूची मोठी गोष्ट आहे. शिवाय करारात ‘वाद झाल्यास आमच्या शहरातला आमचा लवाद’ असं कलम असलं तरी परिषदेचा मार्ग बंद होत नाही, हे महाकाली फूड्सच्या निकालानं स्पष्ट केलंय. परिषदेची नोटीस पोचल्यावर काही जण आपणहून फोन करतात. तेव्हा तोंडी वायद्यावर अर्ज मागे घेऊ नका, पैसे खात्यात आल्यावर घ्या.

दिवाणी कोर्टाचा मार्ग आहेच, येणं ठरल्यापासून तीन वर्षांची मुदत. तीन लाख आणि त्यापुढचं व्यापारी येणं असेल तर व्यापारी न्यायालय, पण तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर त्याआधी मध्यस्थी सक्तीची. दिवाळखोरी कायद्याची धमकी देणारे वकील भेटतील. त्यासाठीची किमान रक्कम मार्च २०२० मध्ये एक लाखावरून एक कोटी झाली, तेव्हा ती गोळी आपल्या बंदुकीत नाही. साठ-सत्तर हजारांसाठी कोर्ट म्हणजे नाकापेक्षा मोती जड. क्लायंट हप्त्यानं देतो म्हणाला तर पुढच्या तारखांचे चेक मागा. चेक परतला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे नाहीत तर फौजदारी तक्रार करता येते. चेकबुक काढायला जो टाळाटाळ करतो, त्याची नियत तिथंच कळते.

आता एका मोहापासून सावध करतो. सर्व्हरचा पासवर्ड अजून आपल्याकडे असतो, आणि रात्री दोन वाजता वाटतं की साइट बंद करून टाकावी, सकाळी साहेब स्वतः फोन करतील. करू नका. क्लायंटच्या मालकीच्या सर्व्हरवर त्याच्या परवानगीशिवाय शिरणं, काही बंद पाडणं, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ आणि ६६ कलमांत येऊ शकतं. तीन वर्षांपर्यंत तुरुंग किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. येणं आपलं आणि आरोपीही आपणच, अशी गत होते. कोडमध्ये गुपचूप तारखेचा बॉम्ब पेरण्याचंही तेच.

त्याऐवजी सरळ मार्ग करारातून जातो. कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रामही येतो. नोकरीत लिहिलेल्या कोडची मालकी मालकाची, पण स्वतंत्रपणे लिहिलेल्या कोडचे पहिले मालक सहसा आपण असतो, आणि ती मालकी दुसऱ्याकडे जायला लेखी, सहीचा कागद लागतो. म्हणून कोटेशनमध्ये एक ओळ: ‘कोडचे हक्क आणि रेपो (कोड ठेवलेली जागा) शेवटचं बिल चुकतं झाल्यावर हस्तांतरित होतील, आणि कोणतंही बिल १५ दिवसांपेक्षा जास्त थकल्यास काम थांबवलं जाईल.’ मग स्टेजिंग आपल्या खात्यात ठेवणं, गो-लाइव्ह अडवणं, सपोर्ट थांबवणं हे सगळं उघड आणि ठरल्याप्रमाणे होतं. कामाची घाई त्याला असते तोवरच आपला शब्द चालतो. गो-लाइव्ह झालं की घाई फक्त आपल्याला.

आपल्यातले कितीतरी जण थेट क्लायंटचं काम करतच नाहीत, मधे एजन्सी असते. तिथलं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘आम्हाला वरून आले की देतो’. मीही आता त्या बाजूला बसतो, त्यामुळे स्पष्ट सांगतो, वरून कधी येणार ही एजन्सीची जोखीम आहे आणि तिच्यासाठीच ती मधे नफा घेते. उद्यम नोंदणी असलेल्या डेव्हलपरपुढे ‘साठ दिवस’ किंवा ‘क्लायंटनं दिल्यावर’ हे कलम कायद्यानं ४५ दिवसांच्या पलीकडे जात नाही. एजन्सीशी भांडायची गरज नाही. कोटेशन स्वीकारायच्या आधीच विचारा की तुमच्या क्लायंटनं किती ॲडव्हान्स दिलाय. तिनं घेतला असेल तर आपल्यालाही द्यावा.

परदेशी क्लायंटच्या बाबतीत यातलं फारसं काही कामाला येत नाही. न्यूयॉर्क शहरात मे २०१७ पासून फ्रीलान्सरांसाठी वेगळा कायदा आहे, ८०० डॉलर आणि त्यावरच्या कामाला लेखी करार सक्तीचा आणि तारीख ठरली नसेल तर ३० दिवसांत पैसे. आपल्याकडे असा कायदा असावा ही माझी मागणी आहेच. पण तिथल्या क्लायंटवर इथं बसून दावा लावण्याच्या गोष्टी करू नका. एस्क्रो (म्हणजे पैसे आधीच तिसऱ्याकडे जमा) किंवा आगाऊ, आणि दर आठवड्याचं बिल.

राहता राहिली ती भीड. भीड ही भिकेची बहीण, असं आजी म्हणायची, आणि आपल्यात ती भरपूर आहे. क्लायंट ओळखीतून आलेला असतो, कुणाचा तरी काका असतो, गणपतीत भेटतो. ‘दादा, जरा बघा ना’ असं व्हॉट्सॲपवर लिहून हात जोडलेली इमोजी टाकणं थांबवा. तगादा ओळखीच्या माणसाला लावू नये, बिलाला लावावा. मुदतीच्या तीन दिवस आधी एक ईमेल, मुदतीच्या दिवशी एक, सातव्या दिवशी फोन, पंधराव्या दिवशी काम बंदचा ईमेल, पंचेचाळिसाव्या दिवशी व्याजाच्या आकड्यासह शेवटचं पत्र. तारखा कॅलेंडरमध्ये टाकून द्या म्हणजे प्रत्येक वेळी मनाची तयारी करावी लागत नाही. फोन आपल्याला जमत नसेल तर घरातल्या कुणाला तरी ‘अकाउंट्स’ करा. माझी बायको ही कामं माझ्यापेक्षा चांगली करते, आणि तिच्याशी बोलताना क्लायंट ‘अजून एक छोटासा बदल’ काढत नाहीत.

पंधरा-वीस हजारांचं जुनं येणं असेल आणि क्लायंटनं धंदाच गुंडाळला असेल तर सोडून द्या, त्यामागे महिने घालवू नका. मात्र जे काम सध्या चालू आहे, ज्यातलं निम्मं देऊन झालंय आणि तारीख कुठंच लिहिलेली नाही, त्याचा ईमेल या आठवड्यात पाठवा. मागच्या तारखा घालू नका, ती खोटी नोंद होईल. ‘आजपर्यंत पुढील गोष्टी आपल्याकडे वापरात आहेत’ एवढंच लिहा, यादी करा, १५ दिवसांत हरकत मागवा.

आपला,
पुण्यातला एक डेव्हलपर